दोन चतुर्थ्यांचा मसुदा

आपल्या पूजाविधीचे दोन काठ आहेत, आवाहन आणि विसर्जन. मातीच्या गोळ्यात देवत्व पाहायला श्रद्धा पुरते. परंतु ज्या हातांनी ती मूर्ती घडवली, फुले वाहिली, नैवेद्य दाखवला, त्याच हातांनी ती उत्तरपूजेनंतर पाण्यात सोडायची, आणि सोडताना मनात हळहळ असली तरी हात आखडता घ्यायचा नाही, यासाठी श्रद्धेच्याही पलीकडचे काही लागते. रचलेले वेळेवर सोडता येणे, हा एक स्वतंत्र सद्गुण आहे. त्यागाहून तो लहान आणि विस्मरणाहून मोठा. त्याला विसर्जनबुद्धी म्हणावे. ती ऋषिमुनींच्या ठायी असते तशी कधीकधी कोर्टाजवळच्या गल्लीत, पंख्याखाली बसून टंकलेखन करणाऱ्या एखाद्या स्त्रीच्या ठायीही असते.

कुमुद शेवडे ही अशी स्त्री होती. पनवेलच्या कोर्टामागे विनायकराव ओगले वकिलांचे दोन खोल्यांचे कार्यालय. तेथे कुमुदताई ऐन तारुण्यात टंकलेखिका म्हणून आल्या आणि केस पांढरे होईपर्यंत राहिल्या. कळंबोलीहून सकाळी येत, टेबलावरचे कॅलेंडर आधी पाहत, मग यंत्रावरचे आवरण काढत. वाटणीपत्रे, हक्कसोडपत्रे, मृत्युपत्रे, करारनामे यांची भाषा त्यांच्या बोटांत मुरली होती. 'सबब', 'सदर', 'येणेप्रमाणे' हे शब्द त्या घरी भाजीवाल्याशी बोलतानाही वापरीत, असे विनायकराव म्हणायचे.

पण त्यांचे खरे कौशल्य टंकलेखनात नव्हते. भावंडांच्या वाटण्यांत माणसे संतापून येत. अशा माणसाला विनायकराव गप्प करू पाहत. कुमुदताई त्याला बोलू देत. नव्हे, तो जे बोलेल ते त्या अक्षरशः टंकित करीत. दुसऱ्या दिवशी त्याला बोलावून, समोर बसवून, त्याचेच बोलणे त्याला शांत सुरात वाचून दाखवीत.

जासईचे बुधाजी एकदा चुलतभावावर असेच गरळ ओकून गेले होते. दुसऱ्या दिवशी वाचन ऐकताना त्यांनी कुमुदताईंना मध्येच थांबवले.

"बाय, ह्ये समदं मी बोललो?"

"तुम्हीच बोललात. मी एक अक्षर घातलेलं नाही."

"माजं तोंड हाय का गटार हाय?" बुधाजींनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "नाय नाय. काढून टाक ह्ये. आमी येवढं वंगाळ नाय."

मग कुमुदताई तो कागद त्यांच्याच हाती देत. ज्याचा राग त्यानेच फाडायचा, हा त्यांचा नेम होता. टेबलाखाली वेताची एक टोपली होती, तिच्यात ते तुकडे पडत. नंतरचे मसुदेही, नवा तयार झाला की जुना, असे एकेक फाडले जात. सहीच्या दिवशी जगात त्या दस्ताची एकच प्रत उरे. "दोन मसुदे जिवंत ठेवले की दोन भांडणं जिवंत राहतात," असे त्या म्हणत, आणि त्यांच्या हातून गेलेली वाटणीपत्रे सहसा पुन्हा कोर्टात येत नसत.

मसुद्यांना नावे देण्याची त्यांची रीतही त्यांचीच होती. ज्या तिथीला मसुदा तयार झाला ती तिथी त्याचे नाव. अमक्याची पंचमी, तमक्याची एकादशी. कार्यालयात संगणक आला तेव्हाही त्यांनी ही रीत सोडली नाही. चतुर्थी महिन्यात दोनदा येते हे कुमुदताईंना कोणी सांगायची गरज नव्हती. दर संकष्टीला त्या चंद्र पाहूनच जेवत. पण घोटाळा कधी झाला नाही, कारण वद्य चतुर्थीचा मसुदा जन्माला येईतो शुद्ध चतुर्थीचा मसुदा टोपलीत गेलेला असे.

दोन हजार अकराच्या सुमारास विनायकरावांची सून वल्लरी वकिलीची सनद घेऊन कार्यालयात बसू लागली. तिने वकिलांच्या कार्यालयांसाठी तयार केलेली एक संगणकप्रणाली आणली. तारखा, पक्षकार, दस्त, सारे एका ठिकाणी. पहिल्या दिवशी तिने खुर्ची कुमुदताईंच्या शेजारी ओढली.

"काकू, आता 'फायनल', 'फायनल नवीन', 'खरं फायनल' अशा दहा फायली नकोत."

"ते तुझ्या सासऱ्यांचं. माझ्या तिथ्या असतात."

"तिथ्याही नकोत. फाईल एकच. तुम्ही प्रत्येक वेळी सेव्ह केलं की आधीचं व्हर्जन आपोआप मागे जपलं जातं. हवं तर प्रत्येकाला नाव द्या. पण काही हरवत नाही, पुसलं जात नाही."

कुमुदताईंनी चष्मा वर सरकवला. "मग फाडायचं कसं?"

"फाडायचं कशाला?"

प्रश्न दोघींनाही एकमेकींचा कळला नाही. वल्लरीला वाटले, काकूंना जुन्या कागदांच्या ढिगाची काळजी आहे. कुमुदताईंना वाटले, ही पोर म्हणते ते कागदाबद्दल. पडद्यावरचे अक्षर तर पुसले की पुसले जाते, आपल्या डोळ्यांदेखत जाते. पाटीवर लिहून ओल्या फडक्याने पुसावे, तसे. पाटी काही आठवण ठेवत नाही. त्यांनी मान डोलावली आणि प्रत्येक व्हर्जनला तिथीचे नाव देण्याची मुभा मात्र मागून घेतली. वल्लरी हसून म्हणाली, "द्या."

त्याच वर्षी बंदराकडच्या मोहल्ल्यातला अय्यूब मस्कतहून सुट्टीवर आला. वडील वारले होते. मागे राहिली होती दोनच मुले, अय्यूब आणि त्याची थोरली बहीण जमिला. जमिला लग्न होऊन तळोज्याला नांदत होती. तळोज्याची मोकळी जागा तिच्याकडे आणि मोहल्ल्यातले घर अय्यूबकडे, एवढे ठरले होते. वाद होता मागच्या खोलीचा. विहिरीकडे खिडकी असलेली ती खोली आधीच वारलेल्या आईची. जमिलेला ती हयातभर माहेर म्हणून हवी होती. तिच्या हातून ती गेली, तर पनवेलमध्ये तिला पाऊल ठेवायला आपली अशी जागा उरणार नव्हती.

दोघांचा वकील एकच, म्हणून दोघेही वेगवेगळे कुमुदताईंसमोर बसून गेले. शुद्ध चतुर्थीला अय्यूब आला आणि वडिलांच्या आजारपणातले सगळे बोलला. कुमुदताईंनी ते दस्ताच्याच साच्यात, नावे आणि चतुःसीमांखाली टंकले. चारपाच दिवसांनी जमिला आली. तिने जे सांगितले ते टंकताना कुमुदताईंची बोटे दोनदा थांबली होती. तिच्या नावाची फाईल निराळी, तिथी नवमी. दोघांनी आपापले ऐकले, आपापले कागद फाडले. कुमुदताईंनी पडद्यावरची अक्षरेही पुसून त्यांवर नवी लिहिली, आणि त्यांच्या लेखी दोन्ही राग विसर्जित झाले.

पुढे मन निवळत गेले. अय्यूब येता-जाता चेष्टा करू लागला, "कुमुदताई, माझी एकादशी झाली की नाही? का अजून उपासच?" अखेर वद्य चतुर्थीला अय्यूबच्याच फाईलमध्ये पक्का मसुदा तयार झाला. त्यात मागची खोली, खिडकीसकट, जमिलेच्या हयातभर वापरासाठी राखली होती. दुसऱ्या दिवशी सह्या. दुपारी निबंधक कार्यालयात नोंदणी. त्याच आठवड्यात अय्यूबचे विमान.

त्या सकाळी कुमुदताईंनी जमिलेच्या वयातला एक आकडा दुरुस्त करायला फाईल उघडली. बोट कोणत्या कळीवर पडले ते त्यांना अखेरपर्यंत समजले नाही, पण निम्मा दस्त पडद्यावरून नाहीसा झाला. त्यांनी कोर्टात वल्लरीला फोन लावला.

"काकू, घाबरू नका. उजवीकडे व्हर्जन्सची यादी आहे. कालचं पक्कं निवडा आणि रिस्टोर म्हणा."

"यादीत तर पुष्कळ आहेत गं. हे सगळे कुठून आले?"

"असतातच ते. तुम्ही नाव काय दिलं होतंत?"

"चतुर्थी."

"मग चतुर्थी दाबा. माझा पुकारा झालाय, ठेवते."

यादीत पुसलेल्या तिथ्या एका रांगेत उभ्या होत्या. कुमुदताईंना क्षणभर पितृपक्षात पान वाढल्यावर सगळेच येऊन बसावेत तसे वाटले. तारखा होत्या, पण महिना आधी आणि दिवस नंतर अशा परक्या क्रमाने. जुने वर, नवे खाली अशी ती यादी वरून पाहत जाता पहिली चतुर्थी दिसली. त्यांनी ती दाबली. दस्त पुन्हा अखंड झाला. पहिल्या पानावरची नावे, चतुःसीमा, सारे जागच्या जागी. वय दुरुस्त करून त्यांनी प्रत छापली आणि विनायकरावांच्या टेबलावर नेऊन ठेवली. हायसे वाटून त्या पाणी प्यायल्या.

अकराच्या सुमारास भाऊबहीण आले. सहीपूर्वी दस्त मोठ्याने वाचायचा, ही त्या कार्यालयाची प्रथा. विनायकरावांचा वाचनाचा सूर रुद्राच्या आवर्तनासारखा एकसारखा संथ असे. वाचणाऱ्याचे लक्ष अर्थाकडे नसे आणि ऐकणाऱ्याचेही नसे. कुमुदताई स्टुलावर बसून फक्त अनुस्वारांकडे कान देत होत्या.

"...सदर घराच्या मागील खोलीबाबत लिहून देणार असे नमूद करतो की, जमिला हिने वालिदांच्या शेवटच्या आजारपणात तळोज्याहून येण्याचे कष्ट एकदाही घेतले नाहीत. सबब सदर घराच्या उंबरठ्याच्या आत तिने पाऊल टाकू नये. लिहून देणार यास यापुढे बहीण नाही. येणेप्रमाणे..."

विनायकराव 'येणेप्रमाणे'शी येऊन थांबले. आपण काय वाचले ते त्यांना आत्ता ऐकू आले.

सर्वांत आधी अय्यूब बोलला, आणि तो बहिणीशी नव्हे, कुमुदताईंशी बोलला.

"हे मी फाडलंय. तुमच्यासमोर फाडलंय, या हातांनी. हे परत कसं आलं?"

"कुमुदबाई, हा कोणता मसुदा?" विनायकरावांनी चष्म्यावरून पाहिले.

"चतुर्थीचा."

"चतुर्थी काल होती. काल तर खोली दिली होती आपण."

"हो, पण त्याआधीही एक..." कुमुदताईंनी बोटांवर तिथ्या मोजल्या. शुद्ध आणि वद्य, या दोन चतुर्थ्या आयुष्यात पहिल्यांदाच एकमेकींसमोर उभ्या होत्या. जी गेली होती ती गेलीच नव्हती.

जमिलेने टेबलावरून कागद ओढला आणि बोट ठेवून स्वतः वाचला. मग म्हणाली, "लिहून देणार! लहानपणी याला आपा म्हणता येत नव्हतं, 'पापा पापा' करत मागे फिरायचा. आता लिहून देणार झाला."

"आपा, गुस्स्यात बोललो. दुसऱ्या दिवशीच फाडलं. कसम—"

"कसम ठेव तुझ्यापाशी. आणि मी आले नाही, ते कुणाची सासू बिछान्याला खिळली होती म्हणून, विचारलंस कधी?"

जमिलेने ओढणी सारखी केली आणि मोर्चा कुमुदताईंकडे वळवला.

"बाई, एक सांगा. फाडलेलं इथे राहतं?"

"राहतं असं दिसतं."

"याचंच, का सगळ्यांचं?"

कुमुदताईंनी मान वर केली. जमिलेच्या फाईलमधली नवमी त्यांना आठवली, आणि त्यांच्या चेहऱ्यावर ती उमटली असावी, कारण समोरच्या चेहऱ्यावरचा संताप पाहता पाहता दुसऱ्याच कशात बदलला. जमिलेने त्या नवमीला भावाबद्दल, त्याच्या बायकोबद्दल, मस्कतच्या कमाईबद्दल काय काय सांगितले होते, ते या खोलीत दोघींनाच ठाऊक होते. आणि आता त्या यंत्राला.

"सगळ्यांचं," कुमुदताई हळूच म्हणाल्या.

जमिलेने पडद्याच्या पाठीकडे बोट केले.

"मग तो दुसरा काढा," ती म्हणाली. "खोलीवाला. लवकर काढा, आणि बाकी काही उघडू नका."

"सगळ्यांचं म्हणजे काय, आपा?"

"तुला काय करायचंय? तू सही कर. आणि वकीलसाहेब, चहा सांगा, माझा घसा सुकला."

दुसरी चतुर्थी कशीबशी सापडली. या वेळी कुमुदताईंनी ती आधी शेवटपर्यंत स्वतः वाचली. विनायकरावांनी पुन्हा वाचले, या खेपेस अर्थासह. सह्या झाल्या. कुमुदताईंनी नेमाप्रमाणे तो जुना कागद फाडण्यासाठी हात पुढे केला. जमिलेने तो दिला नाही. चार घड्या घालून तिने तो पर्समध्ये टाकला, चेन ओढली, आणि भावाच्या पुढे चालत निबंधक कार्यालयाच्या रिक्षात जाऊन बसली. तिने तो कशासाठी नेला, जपायला की स्वतः फाडायला, हे कुमुदताईंना ठरवता आले नाही. टोपली त्या दिवशी रिकामी राहिली.

संध्याकाळी वल्लरी परतली तेव्हा कुमुदताई पडद्यासमोर हात मांडीवर ठेवून बसल्या होत्या.

"हे दोन्ही काढून टाकता येतील का गं? अय्यूबची पहिली आणि जमिलेची नवमी."

वल्लरीने प्रणालीवाल्यांना फोन केला. बराच वेळ बोलून तिने फोन ठेवला. "एकेक व्हर्जन काढता येत नाही म्हणतात. पूर्ण फाईल काढता येईल, पण मग अय्यूबच्या फाईलमधला पक्का दस्त आणि जमिलेच्या फाईलमधलं संमतीपत्रही जाईल. आणि काकू, ते चूकही नाही. उद्या कोणी म्हणालं, कलम मागाहून घुसवलं, तर कोणी कधी काय बदललं ते दाखवता यायला हवं."

"हा चित्रगुप्त आहे, कुमुदबाई," विनायकराव आतून म्हणाले.

"चित्रगुप्तसुद्धा प्रायश्चित्त झालं की पान उलटतो," कुमुदताई म्हणाल्या. पण पुढच्याच क्षणी त्यांना शंका आली, तो खरेच उलटतो का? की आपणच तसे धरून चालतो? वल्लरीचे म्हणणे खोटे नव्हते. सकाळी नाहीसा झालेला दस्त या आठवणीमुळेच तर परत मिळाला होता. ज्या स्मृतीने वाचवले तिनेच बुडवले. आणि जमिला थांबली ती तरी कशामुळे? भावाचा राग जिवंत आहे तसा आपलाही आहे, हे कळल्यामुळे. म्हणजे न पुसलेल्यानेच भांडण मिटवले म्हणायचे? कुमुदताईंनी या विचाराचे टोक अनेकदा धरून पाहिले, दर वेळी ते दुसऱ्याच विचारात गुंतलेले निघाले.

त्यांनी केले ते एवढेच. दुसऱ्या दिवसापासून संतापून आलेल्या माणसाचे बोलणे त्या हाताने, कोऱ्या कागदावर लिहून घेऊ लागल्या. वाचून दाखवणे आणि फाडणे पूर्वीसारखेच. यंत्रात जायचे ते राग निवळल्यानंतरचे. तिथ्यांना आता शुद्ध-वद्य हे विशेषण लागले. वल्लरीने प्रथम तक्रार केली, "काकू, दुप्पट काम होतंय." मग एका सासू-सुनेच्या वादात तिने स्वतःच कोरा कागद पुढे ओढला आणि लिहायला घेतले.

अय्यूबचा मस्कतहून एकदोनदा फोन आला. विचारपूस करून तो शेवटी म्हणे, "आपा खोलीवर जाते का, काही कळलं?"

"तिलाच विचारा ना."

"विचारतो. ती म्हणते, खोली माझी, मी जाईन नाहीतर नाही जाणार."

कुमुदताईंनाही ठाऊक नव्हते. पुढच्या रमजानच्या दिवसांत त्या काही कामानिमित्त मोहल्ल्यातून चालल्या होत्या. विहिरीकडची खिडकी उघडी होती आणि गजांवर धुतलेली चादर वाळत होती. भाडेकरू असेल, असे मनाशी म्हणत त्या थबकल्या. आतून जमिलेचा चढा आवाज आला. ती फोनवर बोलत होती.

"अय्यूब, मच्छर काय कमी आहेत इथे? खिडकीला जाळी कोण बसवणार, लिहून देणार की लिहून घेणार?"

पलीकडून काय उत्तर आले ते ऐकू येणे शक्य नव्हते, पण जमिला हसली. कुमुदताई तशाच पुढे गेल्या. तो घडी घातलेला कागद कुठे असेल, हे विचारावे असे त्यांना वाटले होते. पण विसर्जन दुसऱ्याचे असेल तर ते पाहायलाही थांबू नये, असे काहीसे मनात येऊन त्यांनी पाय उचलला. हे बरोबर केले की चूक, याचाही निर्णय त्यांच्याने झाला नाही.

पाच वर्षांनी, कार्यालयात येणे चालू असतानाच, कुमुदताई थोड्याशा आजाराने गेल्या. दिवसकार्य झाल्यावर वल्लरीने प्रणालीतून त्यांचे नाव कमी करायला घेतले. तेव्हा पडद्यावर सूचना आली की हे नाव काढल्यास त्यांनी केलेल्या सर्व नोंदी निनावी होतील. वल्लरीने हात मागे घेतला.

त्यामुळे त्या कार्यालयाच्या संगणकात शेकडो दस्तांच्या कडेला अजून कुमुद शेवडे हे नाव आहे, आणि नावापुढे एकेक तिथी आहे. टेबलाखाली वेताची टोपली आहे. पक्षकार चिडून आला की पहिला मसुदा अजून हातानेच लिहितात, आणि दुसऱ्या दिवशी तो त्यालाच फाडायला देतात.